स्मार्ट लॉक : किल्लीचा प्रश्न सुटतो, दाराचा उरतो

‘बंद घराचा कडीकोयंडा उचकटून अज्ञात चोरट्यांनी कपाटातील दागिने व रोख रक्कम लंपास केली.’ मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य पाठ असते. उन्हाळ्याच्या सुटीत, गौरी-गणपतीसाठी लोक गावी गेले की आणि दिवाळीच्या आगेमागे ते हटकून वाचायला मिळते, आणि त्याच संध्याकाळी अनेक घरांत एकच विषय निघतो : आपणही ते बोटाने उघडणारे कुलूप बसवून घ्यावे का? नव्या गृहप्रकल्पांच्या माहितीपत्रकांत डिजिटल लॉक आता मॉड्युलर किचनच्या शेजारी जाऊन बसले आहे, दुकानदार दहा हजारांपासून चाळीस-पन्नास हजारांपर्यंतची मॉडेल दाखवतो, आणि घरातली जाणती माणसे विचारतात की सेल संपले तर काय करायचे. या गोंधळातून वाट काढायची असेल, तर बातमीतले ते वाक्य पुन्हा एकदा सावकाश वाचावे. चोराने कुलूप उघडले असे त्यात म्हटलेलेच नाही. त्याने कडीकोयंडा उचकटला, म्हणजे कडी ज्या लोखंडी कोयंड्यात अडकते तो चौकटीपासून सुटा केला. कुलूप बहुधा जसेच्या तसे बंद राहिले असेल.

कुलपाची दोन कामे

कोणतेही कुलूप दोन वेगळी कामे करते. पहिले काम ओळखण्याचे, म्हणजे समोरचा माणूस घरचा आहे की परका हे ठरवण्याचे, आणि दुसरे अडवण्याचे, म्हणजे परक्याला आत येऊ न देण्याचे. सोसायटीच्या प्रवेशद्वारावर ही दोन कामे वाटून दिलेली असतात. वॉचमन ओळखतो आणि फाटक अडवते. वॉचमन कितीही चाणाक्ष असला, तरी फाटकाच्या बिजागऱ्या गंजून निखळायला आल्या असतील तर त्याच्या चाणाक्षपणाचा काही उपयोग होत नाही.

आपल्या घरच्या साध्या लॅचमध्ये वॉचमनचे काम किल्लीच्या दात्यांकडे असते. कुलपाच्या आत स्प्रिंगवर उभ्या असलेल्या बारीक पिना असतात, योग्य किल्ली आत गेली की त्या सगळ्या एका रेषेत येतात आणि मगच आतला सिलिंडर फिरतो. फाटकाचे काम करतो तो बोल्ट, म्हणजे दारातून निघून चौकटीतल्या खाचेत शिरणारा धातूचा दांडा. स्मार्ट लॉकमध्ये बदलते ते फक्त पहिले काम. आकडी पासवर्ड, बोटाचा ठसा, कार्ड किंवा मोबाइल यांपैकी कशावरून तरी एक छोटे इलेक्ट्रॉनिक सर्किट माणूस ओळखते आणि त्याने हुकूम दिल्यावर बोल्ट मोकळा होतो. तो सरकवण्याचे काम काही मॉडेलमध्ये मोटर करते, तर काहींमध्ये आपण हँडल दाबून करतो. दांडा मात्र तोच, आणि तो शिरतो ती चौकटही तीच.

ओळखण्याच्या यंत्रणेला फसवता येते ही गोष्ट काही इलेक्ट्रॉनिक कुलपांपासून सुरू झालेली नाही. लंडनमधील ब्रामा या कुलूप बनवणाऱ्यांच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप कित्येक दशके आव्हान म्हणून मांडलेले होते. १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या निमित्ताने आलेल्या आल्फ्रेड हॉब्स या अमेरिकी कुलूपतज्ज्ञाने ते उघडून दाखवले. त्यासाठी त्याला १६ दिवसांत मिळून सुमारे ५१ तास खपावे लागले. घरफोडी करणाऱ्याकडे ५१ तास नसतात, जिन्यात कोणी चढून येण्याआधी मिळतील तेवढी काही मिनिटे असतात, आणि म्हणून तो वॉचमनच्या नादी न लागता थेट फाटकाला हात घालतो.

खरा फायदा : किल्ली कोणाकोणाकडे आहे

स्मार्ट लॉकचा फायदा खरा आहे, पण तो जाहिरातीत सांगतात तिथे नाही. आपल्या मुख्य दाराच्या एकूण किती किल्ल्या आज अस्तित्वात आहेत, हे किती जणांना छातीठोकपणे सांगता येईल? एक आपल्याकडे, एक जोडीदाराकडे, एक कामाला येणाऱ्या मावशींकडे, एक शेजारच्या काकूंकडे, एक रंगकाम चालू असताना ठेकेदाराला दिलेली, आणि घर आधी भाड्याने दिलेले असेल तर जुन्या भाडेकरूने कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याकडून करून घेतलेली, जिची आपल्याला गंधवार्ताही नाही. शिवाय चपलांच्या रॅकमधली किंवा तुळशीच्या कुंडीखालची ती वेगळीच. किल्ली परत घेता येते, पण तिची नक्कल झाली होती का हे कधीच कळत नाही. हा धोका जुना आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत घरफोडीची व्याख्या समजावताना जी उदाहरणे दिली होती, त्यांत एक असे होते की घरमालकाची हरवलेली किल्ली एखाद्याला सापडते आणि तिने दार उघडून तो आत शिरतो. कायद्याने तीही घरफोडीच मानली.

स्मार्ट लॉक हा प्रश्न मुळापासून सोडवते. मावशींना वेगळा पासवर्ड देता येतो, अनेक मॉडेलमध्ये तो सकाळी ठरावीक वेळेतच चालेल अशी सोय असते, आणि त्यांनी काम सोडले की तेवढाच पासवर्ड पुसला जातो. बाकी कोणाला त्याची झळ बसत नाही, सिलिंडर बदलावा लागत नाही. मुले परदेशी आणि आईवडील पुण्या-नाशिकला एकटे, अशा घरांमध्ये इंटरनेटला जोडलेल्या कुलपाने मोठाच दिलासा मिळतो. वडील घरात पडले आणि दारापर्यंत येऊ शकत नाहीत, अशा वेळी अमेरिकेतली मुलगी शेजाऱ्यांसाठी दार उघडू शकते. एरवी अशा प्रसंगी अग्निशमन दलाला बोलवावे लागते आणि बहुधा दार फोडावे लागते. कचऱ्याची बादली ठेवायला बाहेर आले, वाऱ्याने दार ओढले गेले, लॅच लागला आणि किल्ली आतच राहिली, हा प्रसंग तर ज्याने अनुभवला नाही असा फ्लॅटधारक विरळाच.

आणखी एक फायदा क्वचितच कोणी बोलून दाखवतो. बाहेरून लावलेले टाळे दुरूनही सांगते की घरात कोणी नाही. दाराच्या आत बसणारे कुलूप, मग ते स्मार्ट असो की साधे मॉर्टिस, म्हणजे दाराच्या जाडीत खाच करून बसवलेले, घरात माणसे असतानाही तसेच दिसते आणि नसतानाही. दिवसाढवळ्या जिने चढून बंद घरे हेरणाऱ्यांच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

दार तेच, चौकट तीच

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण माझ्या मते खरी हेळसांड इथेच होते. दोन वर्षांपूर्वी आम्ही घरी स्मार्ट लॉक घ्यायचे ठरवले आणि मापे घेण्यासाठी सुताराला बोलावले. त्याने चौकटीवरची पट्टी तपासली. बोल्ट जिथे शिरतो त्या खाचेवर लावलेल्या या धातूच्या पट्टीला स्ट्राइक प्लेट म्हणतात. तिच्या दोन स्क्रूंपैकी एक त्याने पेचकस न लावता नुसत्या नखाने फिरवून बाहेर काढला. स्क्रू जेमतेम अर्ध्या इंचाचा होता आणि त्याच्या आट्यांना लाकडाचा पिवळा भुगा चिकटला होता. बारा वर्षे आमचे घर त्या अर्ध्या इंचावर उभे होते. दार खांद्याने जोरात ढकलले असते, तर कुलूप शाबूत राहून पट्टीच निघून आली असती.

कुलपाला हात लावण्याआधी सुताराने चौकट भिंतीला धरून ठेवणारे होल्डफास्ट घट्ट आहेत की प्लास्टरमध्ये हलतात ते पाहिले, जाड पोलादी पट्टी बसवली आणि चौकटीत खोलवर जातील असे तीन इंची स्क्रू लावले. या सगळ्याला कुलपाच्या किमतीच्या मानाने फारच थोडे पैसे लागले. आतून पोकळ किंवा हलक्या भुश्याच्या फळीच्या दारावर चाळीस हजारांचे कुलूप बसवणे मला तरी पटत नाही. त्यापेक्षा भरीव दार आणि चांगले साधे मॉर्टिस लॉक कितीतरी बरे.

मोजमापाच्या अडचणीही आपल्याकडे खास आहेत. बहुतेक मॉर्टिस पद्धतीच्या स्मार्ट लॉकना दाराची जाडी साधारण ३५ मिलिमीटर किंवा अधिक लागते आणि जुन्या इमारतींतली अनेक फ्लश दारे त्याहून पातळ असतात. मुख्य दाराबाहेर आपण लोखंडी किंवा लाकडी सेफ्टी डोअर लावतो. स्मार्ट लॉकचा बाहेरचा भाग जाड असतो आणि दोन दारांमधली जागा अरुंद असेल, तर हँडल सेफ्टी डोअरला घासते किंवा ते दार लागतच नाही. शिवाय आतल्या दाराला बोट आणि बाहेरच्या दाराला किल्ली अशी मांडणी झाली, तर दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन आलेल्या माणसाला किल्ली शोधावी लागतेच.

पावसाळ्यात लाकडी दार फुगते. साध्या कुलपात आपण दार गुडघ्याने रेटून किल्ली फिरवतो, पण मोटरला गुडघा नसतो. बोल्ट खाचेत नीट शिरला नाही, तर मोटर पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, सेल लवकर संपतात, आणि काही वेळा दार लागले आहे असे समजून आपण निघून जातो. कोकणात आणि गोव्यात समुद्राचा खारा वारा थेट दारावर येतो. तिथे कुलूप पावसापासून आणि ओलाव्यापासून किती सुरक्षित आहे हे विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि उघड्यावरच्या बंगल्याच्या फाटकाला घरातल्या दारासाठी बनवलेले मॉडेल लावू नये.

‘आकडे तर कोणीही पाहून घेईल’

चार आकडी पासवर्डच्या १०,००० शक्यता असतात आणि सहा आकडीच्या १० लाख. काही चुकीच्या प्रयत्नांनंतर कुलूप थोड्या वेळासाठी बंद होते, त्यामुळे एकेक आकडा लावून पाहणे व्यवहारात शक्य नसते. धोका वेगळ्या ठिकाणी आहे. रोज तीच चार बटणे दाबली जात असतील, तर त्यांवर बोटांचा तेलकटपणा साचतो किंवा ती झिजून वेगळी दिसू लागतात. कोणती चार ते कळले आणि चारही आकडे वेगळे असले, तर १०,००० शक्यतांच्या उरतात २४. म्हणून अनेक कुलपांमध्ये खऱ्या पासवर्डच्या आधी आणि नंतर कोणतेही फालतू आकडे दाबण्याची मुभा असते. पाहणाऱ्याला बारा आकडे दिसतात आणि कुलूप त्यातले खरे तेवढे उचलते. जन्मसाल, फ्लॅटचा क्रमांक आणि १२३४ हे तीन पासवर्ड मात्र वापरूच नयेत.

‘बोटाचा ठसा उमटलाच नाही तर?’

कुलूप सहसा बोटाचा फोटो साठवत नाही. रेषा कुठे फुटतात, कुठे संपतात याची आकड्यांतली नोंद ते ठेवते. ओळखीच्या माणसाचा फोटो न ठेवता ‘उजव्या गालावर तीळ, भुवया जाड’ अशी चिठ्ठी वॉचमनने खिशात ठेवावी, तसे हे असते. अशा यंत्राच्या हातून दोन प्रकारच्या चुका होतात. परक्याला आपला समजणे ही एक आणि आपल्याला परका समजणे ही दुसरी. कडक वॉचमन परक्यांबरोबर कधी घरच्यांनाही अडवतो आणि सैल वॉचमन कधी परक्यालाही सोडतो. यंत्र बनवणाऱ्याला यांतला मध्य निवडावा लागतो.

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या आजी गेल्या जुलैमध्ये पावसात भिजून आल्या तेव्हा मी दार उघडून उभा होतो. त्यांनी अंगठा साडीच्या पदराला पुसला, लावला. लाल दिवा. पुन्हा पुसला, तर्जनी लावली. पुन्हा लाल दिवा. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “अरे, रेशनच्या मशिनवरही माझा अंगठा असाच उमटत नाही. पन्नास वर्षं भांडी घासली, रेघा राहिल्यात कुठे?” त्यांच्या मुलाने चार हजार रुपये जास्त मोजून चांगल्या सेन्सरचे कुलूप घेतले होते, पण झिजलेल्या रेषांना तो तरी काय करणार? वयस्कर माणसे, गवंडी, सुतार, शेतात राबणारी आणि सतत पाण्यात हात घालणारी माणसे यांच्या बाबतीत हा अनुभव सर्रास येतो. घरातल्या सगळ्यात थकलेल्या हाताने आधी दुकानात बोट लावून पाहावे आणि मगच पैसे द्यावेत. आजींना शेवटी गळ्यात अडकवायला कार्ड दिले. कार्डाचेही एक पथ्य आहे. जुन्या, स्वस्त प्रकारच्या कार्डांची नक्कल करता येते, म्हणून कार्ड कोणाच्या हाती देताना ते किल्लीच आहे असे समजावे.

ठशाची नक्कल होऊ शकते का? होऊ शकते. जपानमधील योकोहामा राष्ट्रीय विद्यापीठातले त्सुतोमू मात्सुमोतो यांनी २००२ मध्येच जिलेटिनच्या कृत्रिम बोटाने तेव्हाचे अनेक सेन्सर फसवून दाखवले होते. आजचे सेन्सर अधिक सावध आहेत आणि भुरटा चोर जिलेटिन शिजवत बसणार नाही. तरीही एक फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे : पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही. म्हणून ठशांची नोंद कुलपातच राहते की कंपनीच्या सर्व्हरवर जाते, हे विक्रेत्याकडून स्पष्ट करून घ्यावे आणि नोंद कुलपातच ठेवणारे मॉडेल निवडावे.

‘कोणी हॅक केले तर?’

ही भीती सगळ्यात जास्त बोलली जाते आणि ती निराधार नाही. २०१६ मध्ये लास वेगासच्या डेफ कॉन या हॅकरांच्या परिषदेत अँथनी रोझ आणि बेन रॅम्से या संशोधकांनी ब्लूटूथवर चालणाऱ्या १६ कुलपांपैकी १२ उघडून दाखवली. त्यांतली काही तर पासवर्ड जसाच्या तसा हवेत पाठवत होती, म्हणजे भर बाजारात मोठ्याने ओरडून पिन सांगावा तसे. चांगले कुलूप पासवर्ड कूटबद्ध करते, म्हणजे मधल्या कोणाला ऐकू आला तरी कळणार नाही अशा स्वरूपात बदलून पाठवते.

मला याहून मोठा प्रश्न वाटतो तो दोष सापडल्यानंतरचा. २०१९ मध्ये फिनलंडच्या एफ-सिक्युअर कंपनीच्या संशोधकांना एका कोरियन बनावटीच्या कुलपात गंभीर दोष सापडला, आणि त्या कुलपातले सॉफ्टवेअर नंतर सुधारण्याची सोयच ठेवलेली नसल्याने विकली गेलेली कुलपे तशीच राहिली. उलट बाजूनेही घोटाळा होतो. २०१७ च्या ऑगस्टमध्ये लॉकस्टेट या अमेरिकी कंपनीने इंटरनेटवरून चुकीची सुधारणा पाठवली आणि सुमारे ५०० कुलपे निकामी झाली. पितळी कुलूप तीस वर्षे टिकते आणि त्याच्या निर्मात्याने धंदा बंद केला तरी ते उघडत राहते. इंटरनेटवर अवलंबून असलेल्या कुलपाचे तसे नसते. कंपनीने सर्व्हर बंद केला तर लांबून दार उघडण्याची सोय संपते. घरात कायम कोणी ना कोणी असते, लांबून दार उघडण्याची गरज नाही, अशा कुटुंबाने वायफाय नसलेले मॉडेल घेतले तर ही निम्मी काळजी आपोआप मिटते, आणि माझा कल त्याच बाजूला आहे.

इथेही चोराच्या वेळेचा हिशोब विसरता कामा नये. ब्लूटूथचा सांकेतिक संदेश फोडू शकणारा माणूस सामान्य फ्लॅटच्या दारात सहसा येत नाही. पहार घेऊन येणारा येतो.

‘नोंद’ कोण पाहणार?

दार कोणी, किती वाजता उघडले याची नोंद अनेक कुलपे ठेवतात. चोरी झाली तर तिचा उपयोग होतो, मूल शाळेतून घरी पोहोचल्याचे कळते. पण हीच नोंद घरातल्या माणसांवर पाळत ठेवायलाही वापरता येते. सून किती वाजता बाहेर गेली, कॉलेजला जाणारी मुलगी कधी परतली, मावशी सव्वा आठला आल्या की आठ वीसला, हे एकाच माणसाच्या मोबाइलवर रोज उमटू लागले, की कुलूप चोराला सोडून घरच्यांनाच जाब विचारायला लागते. ज्यांची नोंद होते त्यांना ती होते आहे हे आधी सांगितलेच पाहिजे. मावशींनाही, आणि त्यांना सगळ्यात आधी.

भाड्याच्या घरात हा मुद्दा आणखी टोकदार होतो, कारण कुलपाचा मुख्य ताबा घरमालकाच्या मोबाइलवर असेल तर तो भाडेकरूचा पासवर्ड शहराच्या दुसऱ्या टोकाला बसून बंद करू शकतो. न्यूयॉर्कमधल्या एका इमारतीतले भाडेकरू घरमालकाने बसवलेल्या स्मार्ट लॉकवरून न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये झालेल्या तडजोडीत त्यांना साध्या किल्ल्या मिळाल्या. आपल्याकडे भाडेकरार करताना मुख्य ताबा कोणाकडे राहील हे एका वाक्यात लिहून घेणे दोघांच्याही हिताचे आहे.

‘सेल संपले तर?’

बहुतेक कुलपे चार पेन्सिल सेलवर चालतात आणि वापराप्रमाणे ते साधारण सहा महिने ते वर्षभर पुरतात. घरातली वीज गेली तरी त्यांना फरक पडत नाही. सेल उतरू लागले की कुलूप बऱ्याच आधीपासून आवाज करून सांगते. त्याकडे दुर्लक्ष झालेच, तर अनेक मॉडेलमध्ये बाहेरच्या बाजूला ९ व्होल्टचा सेल टेकवण्याची किंवा मोबाइलच्या टाइप-सी केबलने तात्पुरती वीज देण्याची जागा असते. जुने-नवे सेल मिसळू नयेत आणि लांब गावी जाण्याआधी सगळे बदलावेत.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे आतून बाहेर पडणे. आग लागली, धूर झाला, तर आतले हँडल दाबताच दार उघडले पाहिजे, आणि त्यासाठी विजेची गरज लागता कामा नये. विक्रेत्याला सेल काढून ठेवायला सांगावे आणि आतले हँडल स्वतः दाबून पाहावे. नाही उघडले, तर ते मॉडेल तिथेच सोडावे.

राहता राहिली आणीबाणीची किल्ली. किल्ल्याच्या महादरवाजाला जशी दिंडी असते, तसे अनेक स्मार्ट लॉकमध्ये झाकणाखाली साध्या किल्लीचे छिद्र असते. त्या छिद्रातला सिलिंडर हलका असेल तर वरचे सगळे इलेक्ट्रॉनिक्स असून नसल्यासारखे, म्हणून तोही पारखूनच घ्यावा. पण लोकांची चूक होते ती दुसरीकडे. ती किल्ली खोक्यासकट कपाटात ठेवतात, आणि कुलूप अडते तेव्हा कपाट दाराच्या आत असते आणि माणूस बाहेर. आमच्याकडच्या दोन किल्ल्यांपैकी एक माझ्या कार्यालयातल्या खणात आहे आणि दुसरी समोरच्या आजींच्या देवघरात, गंगाजलाच्या गडूमागे.